लैंगिक निवड आणि मानवी प्रजनन-साफल्य : एका सिद्धान्ताचा इतिहास

२४ फेब्रुवारी १८७१ रोजी चार्ल्स डार्विनचा मनुष्याच्या उत्पत्तीविषयीचा द्विखंडात्मक ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वानरवंश आणि मानववंश यांच्या नात्याचीच मुख्यतः चर्चा असणार, अशी वाचकांची समजूत होती. प्रत्यक्षात ग्रंथाचा अर्ध्याहून अधिक भाग कीटक, मासे, पक्षी आणि सस्तन प्राणी यांच्या प्रणयाराधनाच्या वर्णनाने व्यापलेला आहे. मोराचा पिसारा, काळविटाची शिंगे, कोकिळेच्या जातीतील नराचा कंठ यांची चर्चा मनुष्यविषयक ग्रंथात कशासाठी, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. डार्विनचे उत्तर असे होते की, मनुष्याची जडणघडण समजावयाची तर कोण जगले आणि कोण मेले एवढेच पाहून भागत नाही. जगलेल्यांपैकी कोणाला जोडीदार मिळाला आणि कोणाची संतती मागे राहिली, हेही पाहिले पाहिजे.

या दुसऱ्या प्रश्नाला डार्विनने ‘लैंगिक निवड’ असे नाव दिले. गेल्या दीडशे वर्षांत या कल्पनेचा स्वीकार, अव्हेर, पुनरुज्जीवन आणि दुरुपयोग असे सर्व काही झाले. तिचा इतिहास उद्‌बोधक आहे तो केवळ जीवशास्त्राच्या दृष्टीने नव्हे. मनुष्याच्या अपत्यांची संख्या मोजता मोजता मनुष्याची योग्यता मोजण्याचा मोह शास्त्रज्ञांना कसा पडला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हेही या इतिहासात दिसून येते.

१. डार्विनची दोन सूत्रे

नैसर्गिक निवडीचे तत्त्व जगण्याला उपयोगी पडणाऱ्या गुणांचा उलगडा करते. परंतु मोराचा पिसारा त्याला जगण्यास मदत करीत नाही. उलट वाघाच्या तावडीतून सुटताना तो अडचणच होतो. १८६० च्या एप्रिल महिन्यात एसा ग्रे या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात, मोरपिसाच्या नुसत्या दर्शनानेही आपण बेचैन होतो, अशी कबुली डार्विनने दिली होती. पुढील अकरा वर्षांत त्याने या बेचैनीचे सिद्धान्तात रूपांतर केले.

या सिद्धान्ताची दोन अंगे आहेत. पहिले अंग नरानरांतील स्पर्धेचे आणि दुसरे मादीच्या पसंतीचे. भारतीय वाचकाला हा भेद स्वयंवराच्या दोन प्रकारांवरून चटकन उमगतो. सीतेच्या स्वयंवरात धनुष्याचा पण होता. जो पण जिंकील त्याला वधू, असा तेथील नियम. दमयंतीच्या स्वयंवरात मात्र नलाचे रूप घेऊन बसलेल्या देवांमधून खऱ्या नलाला ओळखून दमयंतीने स्वतः त्याला माळ घातली. पहिल्या प्रकारात निर्णय स्पर्धेचा, दुसऱ्यात वधूचा. शिंगे, सुळे आणि बलदंड शरीर ही पहिल्या प्रकारची फळे होत. पिसारा, रंग आणि गाणे ही दुसऱ्याची.

मनुष्याच्या बाबतीत डार्विनने या दोन्ही अंगांचा उपयोग केला, पण एक महत्त्वाचा फेरफार करून. पुरुष अधिक बलवान असल्यामुळे मानवसमाजात निवडीचा अधिकार बव्हंशी त्यानेच हस्तगत केला आहे, असे त्याचे मत होते. निरनिराळ्या मानवसमूहांच्या सौंदर्यकल्पना निरनिराळ्या असल्यामुळे वर्ण, केस आणि चेहरेपट्टी यांतील भेद या निवडीतून उत्पन्न झाले असावेत, असेही त्याने प्रतिपादन केले.

या सर्व विवेचनात एक मोठी उणीव होती. गुण संततीत कसे उतरतात, हे डार्विनला ठाऊक नव्हते. मेंडेलचा निबंध १८६६ मध्येच छापला गेला होता; पण त्याकडे जगाचे लक्ष जावयास १९०० साल उजाडले. हा प्रश्न डार्विनच्या दृष्टीने केवळ पुस्तकी नव्हता. १८३९ मध्ये त्याचा विवाह एमा वेजवुड या त्याच्या मामेबहिणीशी झाला. त्यांच्या दहा अपत्यांपैकी तीन बालपणीच दगावली. त्यांतील ॲनी ही दहा वर्षांची मुलगी १८५१ मध्ये गेली, तो घाव डार्विनच्या मनात कायमचा राहिला. जवळच्या नात्यातील विवाहाने संतती दुर्बळ होते काय, ही शंका त्याला छळीत असे. १८७१ च्या जनगणनेत आते-मामे-चुलत भावंडांच्या विवाहांची नोंद व्हावी म्हणून त्याने आपला मित्र जॉन लबक याच्यामार्फत पार्लमेंटात प्रयत्न केला; तो १८७० मध्ये फेटाळला गेला. मग त्याचा मुलगा जॉर्ज याने स्वतंत्रपणे आकडे गोळा केले आणि १८७५ मध्ये अशा विवाहांचे अनिष्ट परिणाम समजले जातात त्या मानाने फार थोडे आहेत, असा निष्कर्ष मांडला. मानवी विवाह आणि आनुवंशिकता यांचा संबंध कल्पनेने न ठरविता मोजून ठरविण्याचा हा एक आरंभीचा प्रयत्न होय.

२. वॉलेसचा विरोध आणि स्त्रियांचा आक्षेप

नैसर्गिक निवडीचा सहशोधक आल्फ्रेड रसेल वॉलेस याला मादीच्या पसंतीची कल्पना पटली नाही. पक्ष्याच्या मादीला इतकी सूक्ष्म सौंदर्यदृष्टी कोठून असणार, असा त्याचा प्रश्न होता. १८८९ च्या आपल्या ग्रंथात त्याने नरांतील स्पर्धा मान्य केली, परंतु मादीची पसंती निकालात काढली. त्यानंतर सुमारे अर्धशतक बहुतेक जीवशास्त्रज्ञ त्याच्याच बाजूला झुकलेले होते.

गंमत अशी की, पक्षिणीला जो अधिकार वॉलेसने नाकारला तोच त्याने पुढच्याच वर्षी मानवी स्त्रीला देऊ केला. १८९० मध्ये लिहिलेल्या मानवी निवडीवरील लेखात त्याने असे म्हटले की, आजच्या समाजात पोट भरण्यासाठी स्त्रीला लग्न करावे लागते. म्हणून तिची पसंती ही खरी पसंतीच नव्हे. संपत्तीची विषमता नाहीशी झाली, मुलींना शिक्षण आणि स्वतंत्र उपजीविका मिळाली, तर त्या नालायक पुरुषाला नकार देऊ शकतील आणि मानवजातीची सुधारणा आपोआप होईल. कायद्याने कोणाच्या विवाहावर बंधन घालण्याची कल्पना त्याला तिरस्करणीय वाटे. सामाजिक न्याय आधी आणि निवड मागाहून, असा त्याचा क्रम होता.

याच काळात दोन अमेरिकन स्त्रियांनी डार्विनच्या मांडणीवर नेमके बोट ठेवले. अँटोइनेट ब्राउन ब्लॅकवेल हिने १८७५ मध्ये असे दाखवून दिले की, नराच्या प्रत्येक गुणाची मोजदाद करताना मादीच्या समतुल्य गुणांचा हिशेबच केला गेलेला नाही. तो केल्यास दोन्ही बाजू समान भरतात. एलायझा बर्ट गॅम्बल हिने १८९४ मध्ये डार्विनचाच पुरावा घेऊन स्त्रीच्या श्रेष्ठत्वाचा उलट निष्कर्ष काढला. तत्कालीन विद्वत्सभांनी या ग्रंथांची फारशी दखल घेतली नाही. तथापि निरीक्षण करणाऱ्याचे लक्ष ज्या बाजूला असेल त्याच बाजूला पुरावा साठत जातो, हा त्यांचा मुद्दा शंभर वर्षांनंतर पुन्हा उपस्थित व्हावयाचा होता.

३. फिशर आणि सुप्रजाशास्त्राची छाया

लैंगिक निवडीला आनुवंशिकतेच्या गणिताचा पाया घातला तो रोनाल्ड एल्मर फिशर या संख्याशास्त्रज्ञाने. १९१५ मध्ये एका लेखात आणि नंतर १९३० च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्याने वॉलेसच्या आक्षेपाला उत्तर दिले. मादीला सौंदर्यदृष्टी असण्याची गरजच नाही. नराच्या एखाद्या गुणाकडे काही माद्यांचा थोडासा कल असला की पुरे. अशा मादीच्या मुलात तो गुण उतरतो आणि मुलीत तो कल उतरतो. गुण आणि कल एकाच वंशात एकत्र आले की दोघे परस्परांना पुढे ढकलू लागतात. ओढीने गुण वाढतो, गुणाने ओढ वाढते. जगण्यातील तोटा मिलनातील फायद्याहून अधिक होईपर्यंत ही चढाओढ थांबत नाही. मोरपिसाचे कोडे असे गणिताच्या भाषेत सुटण्यासारखे झाले.

परंतु फिशरच्या ग्रंथाचा सुमारे एकतृतीयांश भाग मनुष्याविषयी आहे, आणि तेथे सूर पालटतो. ज्या घराण्यांत मुले कमी असतात ती आर्थिक दृष्ट्या वर चढतात. त्यामुळे बुद्धी आणि कमी प्रजननशक्ती या दोन गोष्टी वरच्या वर्गात एकत्र येतात आणि संस्कृतीचा ऱ्हास होतो, असे त्याचे म्हणणे होते. उपाय म्हणून, वरच्या वर्गालाही मोठे कुटुंब परवडावे यासाठी उत्पन्नाच्या प्रमाणात कुटुंबभत्ता द्यावा, अशी योजना त्याने सुचविली. या तर्कात सामाजिक स्थान म्हणजेच आनुवंशिक योग्यता, हे गृहीत धरलेले होते. सिद्ध केलेले नव्हते.

सुप्रजाशास्त्र ही संज्ञा डार्विनचाच आप्त फ्रान्सिस गॉल्टन याने १८८३ मध्ये प्रचारात आणली होती. तिचे पुढील पर्यवसान सर्वश्रुत आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्याने १९०७ मध्ये सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला. १९२७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनिया राज्याचा तसाच कायदा वैध ठरविला. आणि जर्मनीत जुलै १९३३ च्या कायद्यान्वये सुमारे चार लाख माणसांवर निर्बीजीकरणाच्या शस्त्रक्रिया झाल्या. कोणाची संतती व्हावी हा प्रश्न निरीक्षणाचा राहिला नाही. तो हुकुमाचा झाला.

या प्रकरणाशी महाराष्ट्राचा एक धागा जुळलेला आहे. डॉ. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या आणि मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता व सुप्रजाशास्त्र यांसाठी तेथे नुकत्याच स्थापन झालेल्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले. हे फिशर वर उल्लेखिलेल्या इंग्रज फिशरहून वेगळे. वांशिक श्रेष्ठत्वाच्या मताचे ते एक प्रमुख पुरस्कर्ते होते. मानवी कवट्यांच्या दोन बाजूंतील असमानता वंशावर अवलंबून असते काय, हा इरावतीबाईंचा विषय होता. मोजमापे घेतल्यावर तसा संबंध त्यांना आढळला नाही आणि त्यांनी तसे प्रबंधात स्पष्ट नमूद केले. प्रबंध १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. मार्गदर्शकाच्या मताला पोषक नसलेला निष्कर्ष त्याच्याच संस्थेत मांडण्याचे हे धैर्य, पुढे दोन वर्षांनी जे घडले ते पाहता, अधिकच उठून दिसते.

४. बेटमनच्या माश्या

दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनजवळील जॉन इनिस उद्यानसंस्थेतील अँगस जॉन बेटमन या वनस्पतिसंवर्धकाने एक साधा प्रयोग केला. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधाचा विषय ड्रोसोफिला ही फळमाशी हा होता. एका बाटलीत थोडे नर आणि तितक्याच माद्या सोडावयाच्या, आणि कोणाला किती संतती झाली हे मोजावयाचे. अशा ६४ बाटल्या त्याने तपासल्या.

माशीचे पितृत्व ओळखावयाचे कसे? यासाठी त्याने प्रत्येक माशीला जणू शिक्का मारला होता. प्रत्येक नराच्या आणि मादीच्या अंगी एकेक वेगळे, डोळ्यांना दिसणारे उत्परिवर्तन होते. कोणाचे पंख मुडपलेले, कोणाचे डोळे चिमुकले. असे चिन्ह निम्म्या संततीत उतरते. ज्या पिल्लात दोन चिन्हे एकत्र दिसत त्याचे आई आणि बाप दोन्ही निश्चित होत.

निष्कर्ष लक्षवेधी होता. सुमारे २१ टक्के नरांना संतती झालीच नाही. माद्यांमध्ये हे प्रमाण अवघे ४ टक्के होते. जितके जोडीदार अधिक तितकी नराची संतती अधिक; मादीला मात्र एकाहून अधिक जोडीदार मिळून फारसा लाभ होत नव्हता. याचे कारण बेटमनने बीजपेशींच्या स्वरूपात शोधले. शुक्रपेशी लहान आणि असंख्य, अंडपेशी मोठी आणि मोजकी. म्हणून नर उतावळा आणि मादी चोखंदळ. हा नियम एकपत्नीक मानवसमाजालाही लागू पडावा, असे सुचवून तो या विषयातून बाजूला झाला.

हा निबंध वीसेक वर्षे जवळजवळ दुर्लक्षित राहिला. डार्विनच्या ग्रंथाच्या शताब्दीनिमित्त निघालेल्या संग्रहात १९७२ मध्ये रॉबर्ट ट्रिव्हर्स याने त्याला नवे रूप दिले. प्रश्न केवळ बीजपेशीच्या आकाराचा नाही, तर संततीसाठी आईबाप जे जे खर्च करतात त्या सर्वाचा आहे. जे लिंग अधिक खर्च करते ते चोखंदळ होते. जे कमी करते त्याच्यात स्पर्धा माजते. मनुष्यजातीत बापही मुलांसाठी पुष्कळ खर्च करतो. म्हणून मनुष्यात दोघेही चोखंदळ असावयास हवेत, हे या मांडणीतूनच निघते. तथापि लोकप्रिय लेखनात हा उत्तरार्ध अनेकदा गाळला गेला आणि ‘उतावळा पुरुष, लाजरी स्त्री’ एवढेच सूत्र उरले.

मध्यंतरी मादीच्या निवडीला प्रयोगाचा आधार मिळाला होता. जॉन मेनार्ड स्मिथ याने १९५६ मध्ये फळमाशीच्या दुसऱ्या एका जातीत असे पाहिले की, प्रणयनृत्यात मादी भराभर डावीउजवीकडे सरकते आणि नराला तिच्या समोर टिकून राहावे लागते. निकट नात्यातील संकरातून जन्मलेले नर या नृत्यात मागे पडत आणि मादी त्यांना झिडकारी. म्हणजे नृत्य ही आनुवंशिक सुदृढतेची परीक्षाच ठरत होती. हा निबंध ज्या जननशास्त्रविषयक नियतकालिकात आला त्याचे संपादक आणि मेनार्ड स्मिथचे गुरू जे. बी. एस. हॉल्डेन पुढच्याच वर्षी भारतात आले. ते नियतकालिकही त्यांच्याबरोबर आले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे हॉल्डेन यांचे निधन झाले. नियतकालिक मात्र १९८५ पासून भारतीय विज्ञान अकादमीतर्फे पुन्हा निघू लागले.

बेटमनच्या प्रयोगाची फेरतपासणी व्हावयास साठ वर्षे लागली. पॅट्रिशिया गोवाटी आणि तिचे सहकारी यांनी प्रथम त्याचे आकडे तपासले. प्रत्येक पिल्लाला एक आई आणि एक बाप असतो. म्हणून सर्व बापांच्या आणि सर्व मातांच्या संततीची बेरीज सारखीच भरली पाहिजे. बेटमनच्या तक्त्यांत बापांच्या वाट्याला अधिक पिल्ले आलेली होती. २०१२ मध्ये त्यांनी प्रयोग पुन्हा केला, तेव्हा दोष सापडला. आईचे आणि बापाचे अशी दोन्ही उत्परिवर्तने ज्यांच्या वाट्याला येत ती पिल्ले वाढीच्या अवस्थेतच मोठ्या प्रमाणात मरत होती. ज्या शिक्क्यावरून गणती करावयाची तो शिक्काच घातक होता. मोजण्याच्या साधनानेच मोजावयाची वस्तू बदलली. याचा अर्थ बेटमनचे तत्त्व सर्वत्र खोटे ठरले असा नव्हे. अनेक प्राण्यांत ते आढळते. परंतु ज्या प्रयोगावर मानवी स्त्रीपुरुषांविषयीची विधाने दशकानुदशके उभी होती, तो ती पेलण्याइतका भक्कम नव्हता, एवढे निश्चित झाले.

५. नोंदवह्यांतील मनुष्य

माणसांना बाटलीत कोंडून प्रयोग करता येत नाही. पण धर्मोपदेशकांनी आणि सरकारांनी केलेल्या नोंदी उपलब्ध असतात. त्यांचा उपयोग कसा करावा याची दिशा जेम्स क्रो या अमेरिकन आनुवंशिकीतज्ज्ञाने १९५८ मध्ये दाखविली. सर्वांना सारखीच अपत्ये झाली आणि ती सर्व जगली, तर निवडीला वावच राहत नाही. वाव उत्पन्न होतो तो माणसामाणसांतील फरकातून. क्रोने हा वाव दोन भागांत विभागला : अकाली मृत्यूमुळे पडणारा फरक आणि अपत्यसंख्येमुळे पडणारा फरक.

काल्पनिक उदाहरणाने ही रीत स्पष्ट होईल. एखाद्या समाजात निम्मी मुले वयात येण्यापूर्वी मरत असतील, तर मृत्यूचा निर्देशांक मेलेल्यांना जगलेल्यांनी भागून १ येतो. सरासरी अपत्ये ४ आणि त्यांतील प्रचरण ८ असेल, तर अपत्यसंख्येचा निर्देशांक ८ भागिले १६, म्हणजे ०.५ होतो. हा दुसरा आकडा जगणाऱ्यांच्या प्रमाणाने भागून पहिल्यात मिळवावयाचा, एकूण २. आता आधुनिक समाज घ्या. फक्त २ टक्के मुले मरतात, सरासरी अपत्ये २ आणि प्रचरणही २. मृत्यूचा भाग जेमतेम ०.०२ उरतो, अपत्यसंख्येचा ०.५ च्या आसपास राहतो. एकूण सुमारे ०.५३. म्हणजे वैद्यकाने निवडीचा वाव नाहीसा होत नाही. तो मरणाच्या दारातून उठून विवाहाच्या मांडवात येतो. भारतीय मानवशास्त्रज्ञांनीही अनेक जातिजमातींत हा निर्देशांक काढला आहे. मात्र तो वाचताना क्रोने दिलेला इशारा विसरता कामा नये. हा केवळ वाव आहे. अपत्यसंख्येतील फरक आनुवंशिक आहे की दारिद्र्य, रोग आणि रूढी यांतून आलेला आहे, हे तो सांगत नाही.

फिनलंडमधील नोंदी या दृष्टीने विशेष मोलाच्या आहेत. हा प्रदेश १८०९ पर्यंत स्वीडनच्या राज्यात होता आणि १६८६ च्या स्वीडिश धर्मकायद्याने प्रत्येक चर्चला जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या वह्या ठेवणे भाग पडले होते. कुस्तावी, इकालिनेन इत्यादी चार गावांतील, १७६० ते १८४९ या काळात जन्मलेल्या ५,९२३ व्यक्तींचे आयुष्य या वह्यांवरून जुळवून २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील जवळजवळ निम्मी माणसे पंधरा वर्षांची होण्यापूर्वीच मरण पावली. जी जगली त्यांपैकी सुमारे एकपंचमांश अविवाहित आणि निपुत्रिक राहिली. तेथे एकपत्नीकत्वाचा कडक नियम होता. तरीही पुरुषांच्या अपत्यसंख्येतील फरक स्त्रियांहून अधिक भरला. याचे मुख्य कारण पुनर्विवाह. विधुराला तरुण वधू मिळे; विधवेला दुसरा नवरा मिळणे त्या मानाने कठीण असे. तथापि जोडीदार मिळण्या न मिळण्याचा परिणाम स्त्रियांच्याही संततीवर होत होता, हेही दिसून आले. निवड दोन्ही बाजूंना होती. फक्त मापे वेगळी होती.

अमेरिकेतील यूटा प्रदेशाने याच प्रश्नाला जणू आयता प्रयोग पुरविला. तेथील मॉर्मन पंथात बहुपत्नीकत्व रूढ होते आणि १८९० मध्ये पंथाने ते बंद केल्याचे जाहीर केले. १८३० ते १८९४ या काळात जन्मलेल्यांच्या वंशावळींवरून २०११ मध्ये असे अनुमान काढण्यात आले की, या बदलाने पुरुषांवरील लैंगिक निवडीची तीव्रता ५८ टक्क्यांनी घटली. त्याच अभ्यासातील दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. घरात प्रत्येक नवी पत्नी आली की इतर पत्नींची अपत्यसंख्या सरासरी एकाने कमी होई. पुरुषाच्या वंशवृद्धीचा हिशेब वाढताना त्याच घरातील स्त्रीचा हिशेब घटत होता. एकाच कुटुंबाची गोष्ट कोणाच्या बाजूने मोजावी यावर निष्कर्ष कसा पालटतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

६. जनुकांची साक्ष

नोंदवह्या फार तर तीनचार शतके मागे जातात. त्यापलीकडे जावयाचे तर शरीरातील जनुकांनाच विचारावे लागते. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडेच जाते. कणसूत्रिकांतील जनुकद्रव्य आईकडून येते. या दोन वारशांची तुलना केली की पूर्वजांत किती पुरुषांचे आणि किती स्त्रियांचे वंश टिकले, याचा अंदाज करता येतो.

२००३ मध्ये असे जाहीर झाले की, कास्पियन समुद्रापासून पॅसिफिक महासागरापर्यंत पसरलेल्या विस्तीर्ण भागातील सुमारे ८ टक्के पुरुषांत वाय गुणसूत्राची एकच शाखा आढळते, आणि तिचा संबंध चंगेझखानाच्या घराण्याशी असावा. या वार्तेने जगभर खळबळ माजली. पुढे २०१८ मध्ये अधिक बारकाईने तपासणी झाली, तेव्हा ही शाखा चंगेझखानाच्या कितीतरी शतके आधीची असून ती सामान्य मंगोल लोकांतच पसरलेली असावी, असे मत पुढे आले. सम्राटाच्या जनानखान्याची कथा आकर्षक होती, पण पुराव्याने तिला साथ दिली नाही.

२०१५ मधील दुसऱ्या एका संशोधनात असे आढळले की, सुमारे चार ते आठ हजार वर्षांपूर्वीच्या काळात जगाच्या अनेक भागांत टिकून राहिलेले पुरुषवंश स्त्रीवंशांच्या तुलनेने अतिशय थोडे होते. थोड्या बलवान पुरुषांनी सर्व स्त्रिया बळकावल्या, असा अर्थ पुष्कळांनी लावला. २०१८ मध्ये झेंग, ऑ आणि फेल्डमन यांनी दुसरा उलगडा सुचविला. पितृवंशीय कुळे आपापसांत लढत आणि एखादे कूळ संपूर्ण नष्ट होई. कुळातील सर्व पुरुषांचे वाय गुणसूत्र एकच असल्यामुळे कुळाबरोबर तो वंशही संपे. स्त्रिया मात्र विवाहाने निरनिराळ्या कुळांत विखुरलेल्या असत. म्हणजे व्यक्तीच्या आकर्षकतेचा फरक शून्य असला तरी हाच परिणाम घडू शकतो. जे निवडीचे चिन्ह वाटले ते कदाचित समाजरचनेचे असेल.

जोडीदाराच्या निवडीत प्रत्यक्ष कोणती जनुके काम करतात, याचाही शोध झाला. १९९५ मध्ये बर्न येथे शरीरगंधावरून झालेल्या प्रयोगाने रोगप्रतिकारक जनुकांतील वेगळेपणा स्त्रियांना भावतो, असे सुचविले. नंतरच्या पडताळण्यांत एकवाक्यता राहिली नाही. अधिक भरीव पुरावा २०२२ मध्ये ब्रिटनमधील फार मोठ्या नमुन्यावरून मिळाला. ज्यांच्या अंगी हानिकारक दुर्मीळ उत्परिवर्तनांचा भार अधिक होता त्या पुरुषांना अपत्य नसण्याची शक्यता वाढलेली होती; स्त्रियांत हा परिणाम त्याहून कमी दिसला. कारण बहुधा वंध्यत्व नसून जोडीदार न मिळणे हे होते. डार्विनने अनुमानलेली प्रक्रिया येथे जनुकांच्या पातळीवर पकडता आली. परंतु त्याच अभ्यासाने तिचे मापही दिले : निपुत्रिकतेतील एकंदर फरकांपैकी एक टक्क्याहून कमी भाग या भाराने स्पष्ट होतो. उरलेला सर्व भाग शिक्षण, उत्पन्न, वय, कुटुंब, इच्छा आणि योगायोग यांच्याकडे जातो.

७. समारोप

या इतिहासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की, मनुष्यात लैंगिक निवड आहे. फिनलंडच्या वह्या, यूटाच्या वंशावळी आणि ब्रिटनमधील जनुके यांची साक्ष या बाबतीत एकमुखी आहे. दुसरी ही की, तिचे बळ निसर्गाने कायमचे ठरवून दिलेले नाही. विवाहाचा कायदा बदलला, बालमृत्यू कमी झाले, विधवेच्या पुनर्विवाहाची वाट मोकळी झाली, की तिचे प्रमाण आणि दिशा दोन्ही बदलतात. पक्ष्याचे अंगण आणि माणसाचा लग्नमंडप यांतील भेद हाच. मांडवात आईबाप, जमीन, जात, धर्म आणि कायदा हेही आमंत्रित असतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. प्रजनन-साफल्य ही जीवशास्त्रातील मोजणीची संज्ञा आहे. ती गुणवत्तेची पदवी नव्हे. फिशरने या दोहोंतील सीमारेषा पुसली आणि ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांनी त्या पुसलेल्या रेषेवरून शस्त्र चालविले. बेटमनचा दोष त्याहून कितीतरी सौम्य, पण त्याच जातीचा. अपेक्षेप्रमाणे उत्तर आल्यामुळे साधी बेरीज तपासण्याची गरज साठ वर्षे कोणाला फारशी भासली नाही. ब्लॅकवेलने १८७५ मध्ये दोन्ही बाजूंचा हिशेब मांडा असे सांगितले होते, आणि बर्लिनच्या प्रयोगशाळेत एका मराठी विदुषीने कवट्या मोजून जे आढळले तेच लिहिले होते. या विषयाची जी काही खरी प्रगती झाली ती या दोन साध्या नियमांच्या पालनामुळे झाली, आणि जेथे जेथे त्यांचा विसर पडला तेथे ती थांबली.